सविस्तर नंतर

हे सगळं घडलं २०१७ साली. ताई तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती आणि तिचे कान कामातून गेले होते. चाळीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात साठ मशीनच्या खडखडाटात काढल्यावर दुसरं काय होणार? फोनवर बोलणं म्हणजे नुसता आरडाओरडा. म्हणून दूरच्या शहरात एकटी राहणाऱ्या धाकट्या बहिणीची खुशाली तिला कळायची ती ब्लॉगवरूनच.

धाकटी छापखान्यात मुद्रितं तपासायची. तोंडाने चार शब्द बोलायचं तिच्या जिवावर यायचं, पण रविवारी ब्लॉग लिहायला बसली की पानंच्या पानं. साधी दाढ काढली तरी सुरुवात डॉक्टरांच्या कुरकुरणाऱ्या खुर्चीपासून. ताई चष्मा पुसून दोनदा वाचायची आणि खाली तेवढंच लांबलचक उत्तर लिहायची. ‘बरी आहेस ना?’ असं दहा वर्षांत तिला एकदाही विचारावं लागलं नाही.

ताईची लेक जाहिरातींच्या कंपनीत होती. ती म्हणाली, “मावशी, एवढं पाल्हाळ आता कोण वाचतं गं? दोन ओळी टाक, लोक पटापट लाइकचे बदाम देतात.” तिने प्रेमाने फोनवर सगळं जोडूनही दिलं. धाकटीला दोन-दोनशे लाल बदाम मिळू लागले, ब्लॉग ओस पडला. ताईही रोज त्या दोन ओळी वाचायची, बदाम दाबायची आणि पुन्हा काजं करायला बसायची. पण मन भरायचं नाही.

त्याच सुमारास धाकटीने स्वेटर विणायला घेतला होता. लोकरीचा गुंता झाला की ती फोटो टाकायची, ताई कुठून ओढायचं ते सांगायची. एका मंगळवारी धाकटीने लिहिलं, ‘गाठ निघाली. सविस्तर नंतर.’

ताईला हायसं वाटलं. तिने बदाम दाबला आणि खाली लिहिलं, ‘बघ. उगाच घाबरली होतीस.’

सविस्तर काही आलंच नाही, इकडच्या तिकडच्या दोन ओळी तेवढ्या येत राहिल्या. चार महिन्यांनी धाकटीच्या शेजारणीने लेकीला फोन केला. मायलेकी पोचल्या तेव्हा धाकटी इस्पितळाच्या खाटेवर चादरीच्या घडीएवढी उरली होती.

“मला कळवायचं नाही होय?” ताई म्हणाली.

धाकटीने औषधाच्या कागदामागे लिहिलं, ‘कळवलं की. तू बदाम दिलास. वाटलं, तुला हा विषय नको.’

“मी लोकरीची समजले गं.”

धाकटी हसली, खोकला येईपर्यंत हसली. मग तिने तोच कागद पुन्हा ओढला, वर ‘सविस्तर’ असं लिहून खाली रेघ मारली आणि लिहू लागली. ‘ताई, त्या दिवशी डॉक्टरांची खुर्ची फार कुरकुरत होती, आणि’. तिथे पेन निसटलं.

आठव्या दिवशी धाकटी गेली. लेक अजून त्याच कंपनीत आहे. तिने मावशीचा सगळा ब्लॉग छापून आणला, आईपुढे ठेवला आणि आत गेली. ताईने ती पानं जाड दोऱ्याने शिवली आणि शेवटी औषधाचा तो कागद जोडला. तिचे कान आता पूर्ण गेलेत. अर्धा स्वेटर तिच्या कपाटात आहे. लोकरीतली गाठ तशीच होती. ताईने ती सोडवलेली नाही.