फोरमन गेले

सकाळी चहा घेत होते, तेवढ्यात फोनवर मेल आला. 'कळवण्यास अत्यंत दुख होते की, आपले फोरमन गेले.' कप बशीत ठेवायला गेले तो बशीच्या काठावर कलंडला. चहा टेबलभर झाला.

फोरमन आमच्या छापखान्याचे. ते अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांवर देखरेख करायचे, मी प्रुफं तपासायची. शिशाचा वास, काळी बोटं, उलटी अक्षरं सुलट वाचणारे त्यांचे डोळे, सगळं अजून तसंच्या तसं दिसतं. त्या दिवसांबद्दल बोलायला आता आम्ही दोघंच उरलो होतो. बाकीच्यांची मुलं-सुना मेलवर तेवढी भेटतात.

मग मेलखालचं नाव वाचलं. नाव माझं होतं.

हाक मारली तशी सून धावत आली. वाचलं आणि खुर्ची ओढून बसली. गेल्या आठवड्यात तिनेच माझ्यासाठी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप कामं करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. कॅलेंडर, पत्ते आणि मेल या तिघांचा एकमेकांशी अबोला. स्क्रिप्टने एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगायचं. वाढदिवस असला की शुभेच्छा, कुणी वारलं की सगळ्यांना निरोप आणि त्याची प्रत मला, म्हणजे मला टाइप करायला नको. म्हणजे तुझ्या नणंदेसारखीच की, अर्धं ऐकून सगळीकडे सांगणारी, असं मी म्हटलं होतं आणि दोघी खूप हसलो होतो.

आता तिने कॅलेंडर उघडलं. कालच्या तारखेत मीच लिहिलं होतं, 'फोरमन गेले.'

"आई, 'गेले' दिसलं की निधनाचा मेल पाठवायचा, असं मी त्यात लिहिलंय," ती हळूच म्हणाली.

"अगं, ते लेकीकडे गेलेत. वारले असते तर मी 'वारले' लिहिलं असतं."

जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच लक्षात आलं, पत्त्यांमध्ये त्यांचाही पत्ता आहे. आधीच त्यांचं हृदय नाजूक. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. इकडे 'फार मोठा माणूस गेला' अशी उत्तरं एकामागून एक यायला लागली. नसेल खरं, पण ते वाचून खरं झालं असेल तर?

शेवटी त्यांचाच फोन आला.

"बाई, 'दुःख'चा विसर्ग राहिलाय. प्रूफ न बघताच छापलंत?"

सून पदराने टेबल पुसत सुटली होती.

"आणि काय हो, काल तुमच्या दारातून मी 'येतो' म्हणून निघालो होतो. तुम्ही 'गेले' कसं लिहिलंत?"

सुनेने स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता मला विचारल्याशिवाय ती कुणाला काही कळवत नाही. कॅलेंडरमधली ती ओळ मात्र मी स्वतः पुसली आणि तिथे लिहिलं, 'फोरमन येतो म्हणाले.'