पाखरांसाठी दिलेली कॅसेट

गुलमंडीत रामकिसनचं कॉम्प्युटर गेमचं दुकान होतं. त्या काळचे कॉम्प्युटर नुसते टूं टूं करायचे. रामकिसनने कुठूनतरी एक जुना जपानी सिंथेसायझर, म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या वाद्यांचे आवाज काढणारं यंत्र, आणून वायरीने कॉम्प्युटरला जोडला आणि गेमचं म्युझिक त्यातून वाजू लागलं. सूर गेमचे, पण ते कोणत्या आवाजात वाजायचे हे सिंथेसायझरवर ठरायचं. ते काम त्याच्या बायकोने, तनुजाने, आपल्याकडे घेतलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती बटणं दाबत बसायची. तिचं माहेर पाचोडचं. तिथे रस्त्याने मेंढरांचे कळप जायचे, त्यांच्या गळ्यातल्या घंट्यांसारखा एक आवाज तिने बनवला. विमानाच्या गेमला तो लावला की पोरं खेळायचं सोडून ऐकत उभी राहायची.

पुढे दुकान बंद पडलं. शहराबाहेर बीड बायपासला शेतं मोडून बिल्डिंगा उठल्या, त्यातल्या एकीत दोघं राहायला गेले. सिंथेसायझर कपाटावर चढला. मागच्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नव्हताच, तनुजा गेली.

उन्हाळ्यात पुण्याहून मुलगी आली, प्रांजली. जुन्या गेमचं म्युझिक जुन्या यंत्रांवरून रेकॉर्ड करणारे लोक आहेत, आपण आईचं करून ठेवू, असं तिचं म्हणणं. विमानाचा गेम तिने लॅपटॉपवर मिळवला होता. सिंथेसायझर रामकिसननेच खाली काढला, त्यानेच पुसला. तनुजाचे फोटो घरात पुष्कळ होते. आवाज कुठेच नव्हता. लग्नाच्या व्हिडिओतही ती बोललेली नव्हती. तिने केलेलं असं ऐकण्यासारखं जे काही उरलं होतं, ते या डब्यात होतं.

वायर जोडली, गेम सुरू केला. सिंथेसायझरमधून एकसारखी पिपाणी वाजली. प्रांजलीने सगळी बटणं दाबून पाहिली, सगळीकडे तीच पिपाणी. तिने मागचं झाकण उघडलं. आत रुपयाएवढा सेल होता, त्याच्यावर यंत्राची आठवण चालायची. तो केव्हाचा संपला होता. आईने बनवलेले आवाज पुसले गेले होते.

मग प्रांजलीने विचारलं, आईने कॅसेटवर काही उतरवून ठेवलं होतं का? यंत्राच्या मागे टेपरेकॉर्डरची वायर लावायला भोक होतं. अशी यंत्रं आपले आवाज कॅसेटवर ठेवायची. ती कॅसेट साध्या टेपवर लावली तर नुसती खरखर ऐकू येते, ती म्हणाली.

"नुसती खरखर?" रामकिसनने विचारलं.

तशी एक कॅसेट होती. तनुजाच्या तेराव्यानंतर त्याने घरातल्या सगळ्या कॅसेटी लावून पाहिल्या होत्या. चांगल्या ठेवल्या आणि खराब झालेल्या पिशवीत भरून पाचोडला तनुजाच्या भावाला, सर्जेरावला दिल्या. कॅसेटची फीत काढून ज्वारीच्या वावरात काठ्यांना ताणून बांधतात. ती उन्हात चमकते, वाऱ्यावर घूं घूं करते, पाखरं कणसावर बसत नाहीत. खरखरणारी कॅसेट त्याच पिशवीत गेली होती.

फोन करून विचारायचा त्याला धीर होईना. दोघं एसटीने पाचोडला गेले. वाटेत सगळी रानं उघडी होती. रामकिसनची नजर काठ्यांवरची फीत शोधत होती, आणि दिसू नये असंही त्याला वाटत होतं.

सर्जेराव ओसरीवर बसलेला होता. जनावरं चारा छावणीत नेलेली, गोठा रिकामा. रामकिसनने कॅसेटींचं विचारलं तेव्हा सर्जेरावला हसूच आलं.

"दाजी, जवारी पेरलीच नाय तर पाखरं कशाची हाकू? गोठ्यात बघा, खुंटीला हाय तुमची पिशवी. गाठसुदिक सोडली नाय मी."

गाठ रामकिसनचीच होती. ती त्याला सुटेना, शेवटी प्रांजलीने सोडली.

घरी येऊन तिने टेपचं हेड कापसाने पुसलं, कॅसेट लावली आणि ती खरखर आधी लॅपटॉपवर घेतली. आता फीत तुटली तरी भीती नाही, म्हणाली. मग तीच खरखर यंत्राला ऐकवली. पहिल्यांदा यंत्राने घेतली नाही. आवाज थोडा कमी करून पुन्हा दिली, तेव्हा घेतली.

गेम सुरू केला. मेंढरांच्या घंट्या वाजत विमान निघालं.

रामकिसनने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला झालं होतं. प्रांजली एकेक आवाज वेगळा रेकॉर्ड करत होती. सगळे एकावर एक चढवून तिने पूर्ण म्युझिक लावलं, तेव्हा रामकिसनने पाचोडला फोन लावून तो स्पीकरपाशी धरला. पलीकडे सर्जेरावने शेवटपर्यंत ऐकलं.

"ही आमच्या कडुबा धनगराच्या मेंढरांची घंटा," तो मग म्हणाला. "ताई दारात उभी राहून ऐकायची. आन् हे मी पाखरांना ऐकवणार होतो व्हय?"

रामकिसन हसला. पुढच्या साली ज्वारी पेरलीस की सांग, माझ्या चांगल्यातल्या कॅसेटी देतो, म्हणाला.

खाली पाण्याच्या टँकरने हॉर्न दिला. रामकिसनने दोन्ही हातांत रिकामे ड्रम उचलले आणि जिना उतरला. वर प्रांजलीने म्युझिक पुन्हा लावलं होतं. टँकरच्या रांगेतही ते ऐकू येत होतं.