गैरहजर

फोन सकाळी साडेदहाच्या सुमाराला वाजायचा आणि स्क्रीनवर नाव यायचं, ‘अंगद दिंद्रुड’. मृत्युंजय शेटे तो उचलत नसे. अंगद सलगरचा मृत्यू होऊन तेव्हा अडीच महिने होत आले होते.

मृत्युंजय एका खासगी डेअरीचा विभाग व्यवस्थापक होता. घर माजलगावात, वडिलांचं किराणा दुकान, पण त्याचं मन दुकानात रमलं नाही. तो दुधाच्या धंद्यात शिरला आणि पंधरा वर्षांत अकरा संकलन केंद्रं त्याच्या हाताखाली आली. दिंद्रुडचं केंद्र त्यातलं सगळ्यात चांगलं, आणि ते चांगलं होतं अंगदमुळं. अंगद जवळच्याच वस्तीवरचा, धनगराघरचा. दूध नुसतं नाकाजवळ नेऊन तो सांगायचा, हे आज टिकणार न्हाई. मशीन नंतर तेच सांगायचं.

पावसाळा सरता सरता शेजारच्या केंद्रावरचा माणूस काम सोडून गेला. मृत्युंजयनं तेही केंद्र अंगदकडे दिलं. तात्पुरतं, असं म्हणाला. अंगद पहाटे चारला उठायचा, दिंद्रुडचं संकलन सुरू करून द्यायचा, मोटारसायकलवर चौदा किलोमीटर जायचा, तिथलं दूध मोजायचा, टँकर भरून द्यायचा, परत यायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. दसरा गेला, दिवाळी गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अजून फटफटायचं होतं तेव्हा, त्या चौदा किलोमीटरच्या वाटेवर तो रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळला. ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर कुठेच नव्हती.

अपघाताचा अहवाल मृत्युंजयनंच भरला. त्यात एक रकाना होता : ‘कर्मचाऱ्यानं कामाच्या ताणाबाबत पूर्वी तक्रार केली होती का?’ मृत्युंजयनं तिथं ‘नाही’ लिहिलं. लिहायला दोन सेकंदही लागले नाहीत.

फोन सुरू झाले ते डिसेंबरात. पहिल्यांदा नाव दिसलं तेव्हा त्यानं ते दोनदा वाचलं. मग त्यानं स्वतःला समजावलं, मोबाइल घरच्यांकडे असणार. पण घरचे काय बोलणार, या विचारानं तो जास्तच धास्तावला. मेलेल्या माणसाचा फोन न उचलणं सोपं होतं. रोज साडेदहाला रिंग पूर्ण वाजू द्यायची, मग फोन उलटा ठेवायचा. एखाद्या दिवशी पावणेअकरापर्यंत वाजला नाही, तर त्याचं कामात लक्ष लागत नसे. बायको रुद्राणी एकदा म्हणाली, “कुणाचाय एवढा? उचला तरी.” तो म्हणाला, “कंपनीचा असतो. जाहिरातीचा.”

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीनं सगळ्या व्यवस्थापकांना बीडला बोलावलं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराचं प्रशिक्षण होतं. ‘कामाचा ताण : तो टाळायचा कसा, हाताळायचा कसा’ असा फलक लावला होता. शिकवायला लातूरहून रुचिका कानडे आल्या होत्या. चाळिशीच्या, आवाज बारीक, पण बोलणं स्वच्छ. पुढच्या रांगेत शेजारच्या विभागाचा व्यवस्थापक बंकट बसला होता. तो मागं वळून हळूच म्हणाला, “आता आपला ताण कोण हाताळणार, शेटे?” दोघं-चौघं हसले. मृत्युंजयही हसला.

“ताण आला म्हणजे माणूस कच्चा आहे, असं आपण धरून चालतो,” रुचिका मॅडम म्हणाल्या. “तसं नसतं. कामाचं ओझं वाढत जातं आणि त्याला मिळणारा आधार तेवढाच राहतो, किंवा कमी होतो. आणि ओझं किती टाकायचं हे कोण ठरवतं? या हॉलमध्ये बसलेली माणसं.”

त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला. गेल्या वर्षात ज्याचं वागणं बदललेलं दिसलं, अशा आपल्या हाताखालच्या एका माणसाचं नाव वर लिहायचं. खाली खुणांची यादी होती, लागू असेल तिथं टिक करायची. नेहमी बिनचूक काम करणाऱ्याच्या नोंदी चुकू लागणं. चारचौघांत जेवायचं सोडून एकट्यानं डबा खाणं. सुटी मागून नाही मिळाली की पुन्हा मागायचंच बंद करणं. फोनवरचा आवाज खाली जाणं.

मृत्युंजयनं उमापूर केंद्रावरच्या संस्कृती नावाच्या मुलीचं नाव लिहायचं ठरवलं होतं. कागदावर अंगदचं नाव उमटलेलं त्यानं पाहिलं. त्यानं ते खोडलं नाही. चारही ठिकाणी टिक केली.

जेवणाआधी मॅडमनी जोड्या पाडल्या. एकानं व्यवस्थापक व्हायचं, एकानं कर्मचारी. कर्मचारी येऊन सांगणार की काम झेपत नाही. व्यवस्थापकानं आधी नेहमी बोलतो तसंच बोलायचं, मग ते कुठं चुकलं हे सगळ्यांनी मिळून पाहायचं. मृत्युंजयच्या वाट्याला बंकट आला आणि त्यांचीच जोडी पहिली पुढं बोलावली गेली. बंकटनं साहेबाची खुर्ची पकडली. मृत्युंजय समोर उभा राहिला.

“बोला,” बंकट पाय पसरून म्हणाला. “काय अडचण आहे?”

“साहेब, दोन सेंटर झेपंना झालेत,” मृत्युंजय म्हणाला. तो घरी, ऑफिसात असं बोलत नसे. आवाज त्याचाच होता, पण बोलण्याची लकब दुसऱ्याची होती. अंगद बोलताना मान खाली घालून अंगठ्यानं तळहात चोळायचा. मृत्युंजयचा अंगठा तळहातावर फिरत होता.

“सणाचे दिवस आहेत. दिवाळीपर्यंत काढ की.” बंकटनं हे आपल्या मनानंच म्हटलं होतं, त्याला कुठलं काय माहीत. पण मृत्युंजय अंगदला शब्दाला शब्द हेच म्हणाला होता.

“मागच्या टायमाला तुमी दसऱ्यापर्यंत म्हणला व्हता.”

“अरे, ताण कुणाला नाही? मला काय कमी आहे?”

“व्हय. तुमाला बी वरून लई असतंय. म्या तक्रार न्हाई करत, साहेब. फकस्त एक सांगायचं व्हतं.” मृत्युंजय थांबला. हे पुढचं काय आहे, त्यालाच माहीत नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्यानंही हॉलमधल्या इतरांसारखंच पहिल्यांदा ऐकलं. “गाडीवर डोळा लागतोय माझा. त्या कालव्याच्या पुलापसून शाळंपोतर वाट कशी सरली, ते मला कळतच न्हाई. दोनदा झालं तसं. आठ दिवस झोपू द्या मला. मग पुन्ना करतो.”

बंकटनं पाय आवरून घेतले. कुणीच हसलं नाही.

अंगद हे बोलला होता. ऑक्टोबरात, ऑफिसच्या दारात, दुपारी. मृत्युंजय तेव्हा टँकरवाल्याशी फोनवर बोलत होता आणि त्यानं हातानंच खूण केली होती, नंतर, नंतर. अंगद थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. ती दुपार मृत्युंजयच्या आठवणीतून अशी पुसली गेली होती की ती घडलीच नव्हती असं त्यानं शपथेवर सांगितलं असतं.

“शेटे साहेब,” रुचिका मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, “हे कोण बोललं तुमच्याशी?”

त्यानं उत्तर द्यायच्या आत टेबलावरचा त्याचा फोन थरथरू लागला. आज साडेदहाला वाजला नव्हता. आता पाऊण वाजला होता. बंकटनं फोन उचलून त्याच्या हातात देता देता नाव वाचलं. बंकट अंगदच्या मातीला आला होता. त्याचा चेहरा उतरला.

मृत्युंजय हॉलबाहेर गेला, पण तिथंही त्याच्यानं फोन उचलवला नाही. मॅडम मागोमाग आल्या. त्यानं त्यांना रकान्यातलं ‘नाही’ सांगितलं, फोनचंही सांगितलं. त्यांनी धीराचे शब्द वापरले नाहीत. एवढंच विचारलं, “जाणार आहात का तिकडे? एकट्यानं जमेल?”

“जातो,” तो म्हणाला.

अंगदच्या घरी पोचायला तीन वाजले. पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, जाळीच्या कुंपणात शेळ्या. अंगदचे वडील आप्पाराव बाजेवर बसून सुताची दोरी वळत होते. संगीता, अंगदची बायको, आतून आली आणि पदर सारखा करत दारातच थांबली. मृत्युंजयला पाहून तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“बसा साहेब,” ती म्हणाली. “म्या रोज लावत होते तुमाला.”

“ताई, मी पाहत होतो. उचलायची हिंमत झाली नाही.”

ती आत गेली आणि अंगदचा मोबाइल घेऊन आली. त्यात मेसेज होते, एकाखाली एक, डिसेंबरपासूनचे, सुटीचे वार तेवढे वगळून रोजचे. प्रत्येकात तीच तीन वाक्यं. अंगद आप्पाराव सलगर, आज आपण गैरहजर आहात. गैरहजेरीचं कारण कळवलेलं नाही. आपले व्यवस्थापक मृत्युंजय शेटे यांच्याशी तात्काळ संपर्क साधा.

डिसेंबरपासून कंपनीनं हजेरीची, आपोआप मेसेज पाठवणारी नवी पद्धत सुरू केली होती. जुन्या यादीतली नावं तशीच चढवली होती. अंगदचं नाव काढायचा फॉर्म मृत्युंजयकडेच पडून होता. त्यासाठी तो अहवाल पुन्हा उघडावा लागला असता, म्हणून त्यानं तो भरला नव्हता.

“संपर्क साधा म्हणतात, म्हणून लावायचे,” संगीता म्हणाली. “म्हणलं कुणाला तरी सांगावं, ते न्हाईत म्हणून. काहून गैरहजर हायत ते सांगावं.”

मृत्युंजय बाजेच्या कडेला बसला होता, तो खाली अंगणात बसला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. अंगद तीनदा बोलला होता. दोनदा आपण सणाचं नाव सांगून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ऐकूनही घेतलं नाही. आणि कागदावर ‘नाही’ लिहिलं.

“तिसऱ्या वेळंला काय म्हणले?” संगीतानं विचारलं.

“डोळा लागतो म्हणाला. गाडीवर.”

“तसंच म्हणले? कसं म्हणले, सांगा.”

त्याला पुन्हा ते सगळे शब्द उच्चारावे लागले, पुलापासून शाळेपर्यंतचे. ती ऐकत राहिली. “मला न्हाई सांगितलं हे,” ती शेवटी म्हणाली. “घरी म्हणायचे, आता चार दिसात माणूस येणाराय दुसरा.”

एवढा वेळ आप्पाराव दोरी वळतच होते. त्यांचे हात थांबले.

“त्या दिशी तो उठत नव्हता,” ते म्हणाले. “दोनदा हाक मारली म्या. आप्पा, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या, म्हणला. म्या म्हणलं, टँकर थांबंल का तुज्यासाठी? अन् तांब्यातलं पाणी शिंपडलं त्याच्या तोंडावर.” त्यांनी दोरी बाजूला ठेवली. “ते पाणी काय जात न्हाई माज्या डोळ्याम्होरून. कुणाला बोललो न्हाई. हिला बी न्हाई.”

संगीतानं सासऱ्यांकडे पाहिलं. मृत्युंजयला आपल्या दोन सेकंदांच्या ‘नाही’नं काय केलं होतं ते आत्ता कळलं. स्वतःच्या वाट्याचं ओझं त्यानं ढकललं होतं, आणि ते येऊन या म्हाताऱ्याच्या छातीवर बसलं होतं. अडीच महिने.

“आप्पा,” तो म्हणाला, “तुम्ही रोज उठवायचा तसंच उठवलं. त्याला झोप पाहिजे होती आणि ती द्यायचं माझ्या हातात होतं. तुमच्या नाही.”

“आसंल,” आप्पाराव म्हणाले. त्यांचा त्यावर विश्वास बसला की नाही, कळलं नाही. मग म्हणाले, “लिहून द्या तसं.”

त्यानं गाडीतून कागद आणला आणि तिथंच लिहिलं. कर्मचाऱ्यानं ताणाबाबत तक्रार केली होती, तीन वेळा, मला स्वतःला. अपघात झाला तेव्हा तो एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर कामासाठीच जात होता. पहिला अहवाल मी खोटा भरला. संगीतानं कागद दोनदा वाचला, आप्पांना वाचून दाखवला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. चहा कुणी विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

कंपनीनं चौकशी बसवली. वरच्या साहेबांनी आधी फोन करून विचारलं, “शेटे, एकदा बंद झालेलं प्रकरण तुम्ही कशाला उघडता?” मृत्युंजय म्हणाला, “बंद झालेलं नव्हतं, सर.” चौकशी दीड महिना चालली. अपघात कामावर असतानाच झाला, अशी नोंद झाली. शेजारच्या केंद्रावर वेगळा माणूस नेमला गेला. मृत्युंजयकडची अकराही केंद्रं काढून बंकटकडे द्यायचं ठरलं आणि त्याला प्लँटच्या स्टोअरमध्ये पाठवायचा हुकूम निघाला. रुद्राणीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झोपता का आता तरी?” तो अजून धड झोपत नव्हता.

जायच्या आधीच्या आठवड्यात तो शेवटचा उमापूरला गेला. सकाळचं संकलन संपलं होतं. संस्कृती, पंचविशीची, एकटीच केंद्र सांभाळायची, ती मशीन धूत होती. त्यानं विचारलं, “कसं चाललंय?”

“सगळं ठीक आहे, सर,” ती लगेच म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

पूर्वी तो एवढ्यावर निघून जात असे. आज त्यानं एक रिकामा कॅन उलटा केला आणि त्यावर बसला. फोन बंद करून खिशात टाकला. “मला घाई नाही,” तो म्हणाला. “नोंदी चुकतायत तुझ्या. तू चुकणारी नाहीस. म्हणून विचारतोय, काय जड जातंय?”

तिनं मशीनचा उरलेला भाग धुऊन घेतला. मग तिनं नळ बंद केला आणि पाठमोरीच बोलू लागली, आधी तुटक, मग सलग. 

ती बोलत असताना दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं त्याला वाटलं. मान खाली घालून, अंगठ्यानं तळहात चोळत, आपली पाळी येईपर्यंत थांबायची सवय असलेलं कुणीतरी. त्यानं तिकडे मान वळवली नाही. संस्कृतीचं अजून सांगून व्हायचं होतं.