फ्रिजमधली कासवं

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी लोकशिक्षण केंद्राच्या संचालकांचा फोन आला. तिच्या सन्मानार्थ केंद्र आठवडाभर बंद ठेवलं आहे, असं ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले.

आई त्या केंद्रात संध्याकाळी मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायची आणि दिवसभर कासवं सांभाळायची. दुसऱ्या कामाचा पगार नव्हता, पण गावात तिची ओळख होती ती त्याच कामामुळे. हौसेनं आणलेलं कासव नकोसं झालं की लोक ते खोक्यात घालून केंद्राच्या दाराशी ठेवून जात. पाण्यातल्या कासवांसाठी मागच्या अंगणात हौद होता. जमिनीवरची तीन तिच्या केंद्रातल्या खोलीत राहत: थोरली, खादाड आणि नवरदेव. नवरदेव कुठंही निघाला की मान ताठ ठेवून, सगळे आपल्याकडेच बघताहेत अशा थाटात चालायचा, म्हणून ते नाव. शाळेची मुलं रांगेनं बघायला येत. आई त्यांना कवचावर हात ठेवू द्यायची, पण ठोठावू द्यायची नाही. आत कुणीतरी राहतं, म्हणायची.

थोरली मूळची आमच्या घरातली. माझ्या जन्माआधीपासून ती स्वयंपाकघरात, मोरीजवळ असायची. बाबा शिंपी. एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर ती एकदा रात्रभर बसून राहिली, कोटाचं व्हायचं ते झालं, आणि बाबांनी जाहीर केलं की घरात एक तर ही राहील नाहीतर मी. आपण त्यावर बराच विचार केला होता, असं आई पुढं बाबांच्या तोंडावर सांगायची. शेवटी थोरली केंद्रात गेली, आणि हळूहळू आईचा सगळा दिवसही तिच्यामागोमाग तिकडे गेला. बाबांनी तिथं कधी पाऊल टाकलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, सवतीच्या घरी कोण जातं?

हिवाळ्यात जमिनीवरची कासवं झोपतात. बाहेरच्या थंडीचा भरवसा नसतो, कधी मध्येच ऊन तापतं, म्हणून आईनं त्यांच्यासाठी एक जुना फ्रिज मिळवला होता. प्रत्येकाला मातीनं भरलेलं, भोकं पाडलेलं एक खोकं. गारवा एकसारखा राहिला की त्यांना श्वाससुद्धा फारसा लागत नाही. जो लागतो त्यासाठी आई रोज जाऊन दार उघडायची, हवा खेळू द्यायची आणि पुन्हा लावायची. हिवाळ्यात तिनं कधी रजा घेतली नाही. केंद्राचे पहारेकरी, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी एकदा आपला डबा आत ठेवला होता. आई त्यांना म्हणाली, मामा, दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीत तुम्ही जेवण ठेवता होय?

शोकसभेच्या आदल्या दिवशी आईचा फोटो कुठं लावायचा ते बघायला संचालकांनी मला बोलावलं. बाबा म्हणाले, मीही येतो. फाटकावर केंद्र बंद असल्याची सूचना होती आणि तिच्यावर आईचा एक छोटा फोटो. तो कुठल्या तरी मोठ्या फोटोतून कापलेला होता. कडेला दुसऱ्या कुणाचा तरी खांदा राहिला होता. बाबा तो खांदा कुणाचा असेल याचा विचार करत तिथंच उभे राहिले. मामांनी कुलूप काढलं.

मागच्या हौदाचं पाणी हिरवं झालं होतं. पाण्यातली कासवं दगडावर एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती आणि आम्हाला बघताच सगळ्यांच्या माना वळल्या. मामा त्यांना रोज खाणं टाकून जात होते. मी विचारलं, पंप का बंद आहे?

"सगळंच बंद आहे, ताई," मामा म्हणाले. "कुलूप लावलं की मेन बंद करायचं, हा बाईंचाच नियम. शॉर्टसर्किटची फार भीती त्यांना."

नियम खरा होता. मोठ्या सुटीसाठी केलेला. सुटी उन्हाळ्यात असायची आणि तेव्हा फ्रिज रिकामा असायचा. आता हिवाळा होता.

आईच्या खोलीत दुपारचं ऊन भरून राहिलं होतं. फ्रिजवर हात ठेवला तर आत काही चालू नव्हतं. दार रबराला चिकटलं होतं, ओढावं लागलं. आतली हवा कोमट आणि आंबट होती. तिन्ही झाकणं सरकलेली, माती सगळ्या कप्प्यांतून सांडलेली, आणि दाराच्या आतल्या पांढऱ्या प्लास्टिकवर खालपासून वरपर्यंत ओरखडे. ती जागी झाली होती. ऊब लागल्यावर त्यांना हिवाळा संपला असं वाटलं असणार.

संचालक मागून आले आणि तिथंच थांबले. त्यांना वाटलं होतं, गुरांचे डॉक्टर तिघांना घेऊन गेले. त्यांनी दवाखान्यात फोन लावला तेव्हा कळलं, डॉक्टरांना वाटलं होतं केंद्रात कुणीतरी येत असेल. डॉक्टर एका अडलेल्या गाईजवळ होते, यायला वेळ लागणार होता. ते फोनवर म्हणाले की मी येईपर्यंत कुणीही कासव मेलं असं म्हणायचं नाही. त्यांना बाहेर काढा, मान सरळ करा, पुढचे दोन्ही पाय धरून बाहेर ओढा, मग आत ढकला. पाय बाहेर आले की हवा आत जाते, आत गेले की बाहेर येते. सावकाश करत राहा.

शिवणवर्गाच्या लांब टेबलाशी आम्ही बसलो. मी खादाडला घेतलं. मामांनी नवरदेवाला. बाबांनी न विचारता थोरलीला पुढं ओढलं.

"हिला मी ओळखतो," ते म्हणाले.

तिघांचं काम सुरू झालं. मशीनवर कापड सरकवावं तशा एकाच चालीत बाबा पाय आत-बाहेर करत होते. थोरलीचं डोकं त्यांच्या मनगटावर पडलं होतं. ते तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. कोटाचं मी विसरलो, असं काहीतरी.

संचालक दारात उभे होते. उद्या पाहुणे येतील, मुलं येतील, मुलं आधी कासवंच विचारतील, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, सभा पुढं ढकलू या का?

"ढकला की," बाबा मान वर न करता म्हणाले. "तिला आता कसली घाई आहे?"

मामा हसले आणि लगेच नवरदेवावर वाकले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ताई, फ्रिजचं तेवढं बाईंनी मला सांगून ठेवायला हवं होतं."

हो, म्हटलं मी. तिनं ते कुणालाच सांगून ठेवलं नव्हतं. तिच्यानंतर कुणाला लागेल हे तिच्या डोक्यात आलं नसावं. ती बस थांब्यावर उभी असताना गेली, हातात केंद्रातल्या वर्गासाठी घेतलेले खडू होते. दुकानात निरोप येऊन बाबा पोचेपर्यंत तिच्यावर चादर घातलेली होती.

खादाडचे पाय माझ्या हातात ओल्या कातड्यासारखे होते. सुटायचे आणि होते तिथंच राहायचे. आंबट वास त्याचाच आहे हे मला कळलं होतं, तरी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी थांबले नाही.

"यानं पाय ओढला," मामा एकदम म्हणाले, पण इतक्या हळू, की कुणी ऐकलं तर खोटं ठरेल. आम्ही बघत असताना नवरदेवानं पाय पुन्हा ओढून घेतला.

डॉक्टर आले तेव्हा ऊन टेबलावरून उतरलं होतं. त्यांच्याजवळ ठोके ऐकायचं छोटं यंत्र होतं, त्याचा आवाज खोलीभर येई. नवरदेवाला ठोके होते, आणि डोळ्याच्या पापणीला बोट लावलं तर तो ती मिटत होता. खादाडच्या मानेशी त्यांनी यंत्र धरलंसुद्धा नाही. नुसतं बघितलं आणि मला हात धुऊन यायला सांगितलं.

थोरलीला ठोके होते. सावकाश, एकेक, पण स्पष्ट.

"बघा," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी तिच्या घशात बारीक नळी घालून हवा दिली, औषध टोचलं, वाट पाहिली. पुन्हा टोचलं. पापणीला बोट लावलं. नख चिमटीत दाबलं. जबडा उघडून सोडला, तो उघडाच राहिला. बाबा एवढा वेळ तिचे पाय हलवत होते. बाहेर अंधारायला लागल्यावर डॉक्टर खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसले. हृदय सोडून आता तिच्यात काही उरलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. कासवाचं हृदय सगळ्यांच्या मागं एकटंच चालत राहतं, कदाचित उद्यापर्यंत चालेल.

"मग चालू दे की."

"तिला काही जाणवत नसेल असं मला वाटतं. पण खात्रीनं मला सांगता येत नाही. म्हणून इंजेक्शन द्यावं म्हणतो."

त्यांनी संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी माझ्याकडे. मामाही माझ्याकडेच बघत होते. माझा चेहरा आईवर गेला आहे, आणि त्या खोलीत निर्णय त्याच चेहऱ्याकडे मागायची त्यांना सवय होती. मी द्या म्हणाले.

बाबांचे हात थांबले नाहीत.

"बाबा," मी म्हणाले, "आता पुरे."

"तुझ्या आईच्या वेळी मला कुणी काही करायलाच सांगितलं नाही," ते म्हणाले. "बसा म्हणाले नुसतं. बसलो."

मी त्यांच्या हातांवर हात ठेवला. ते हात अजून आत-बाहेर जात होते, माझे हात त्यांच्याबरोबर जाऊ लागले, आणि तसेच मग मंद होत थांबले. बाबांनी थोरलीला उचलून मांडीवर घेतलं. टेबलावर नको, इथंच द्या, असं डॉक्टरांना सांगितलं.

इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांनी यंत्र टेबलावर ठेवून त्याच्या वायरचं टोक तिच्या मानेशीच धरून ठेवलं, त्यामुळे ठोके विरळ होताना आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते. एक ठोका झाला की मधल्या शांततेत बाबा मान वर करून यंत्राकडे बघायचे. पुढचा यायचा, की खाली तिच्याकडे बघायचे. असं बराच वेळ चाललं. शेवटी पुढचा आला नाही, डॉक्टरांनी यंत्र बंद केलं, वायर गुंडाळली, तरी बाबा वर बघत राहिले.