चार झाकणं

सहा चार्जिंग मशिनी होत्या. सहा हिरवे दिवे जळत होते. निळ्या पत्र्याचं एक छत, झेंडूच्या दोन माळा, चाळीस खुर्च्या. त्यातल्या पुढच्या पाच खुर्च्यांवर टॉवेल टाकलेले. ई-रिक्षा योजनेचा एक मोठा फलक, आणि त्यावर उद्घाटनाआधीच मारलेल्या तीन पिचकाऱ्या. फरशीच्या कडेला सिमेंटची चार झाकणं, प्रत्येकावर लाल रंगात ‘अर्थिंग’ लिहिलेलं.

प्रभुलिंगने पहारीने एकेक झाकण उचललं.

पहिल्याखाली माती होती. दुसऱ्याखाली माती आणि गुटख्याच्या सात पुड्या. तिसऱ्याखाली ओल होती, ती कसली ते वासावरून कळत होतं. चौथ्याखाली हातभर पाइपाचा तुकडा उभा केलेला होता. प्रभुलिंगने तो दोन बोटांनी धरला, तर मुळ्यासारखा अलगद वर आला. मशिनींपासून खड्ड्यांपर्यंत जस्ताची पट्टी यायला हवी होती. तीही कुठे नव्हती.

प्रभुलिंग एकतीस वर्षं वायरमन होता, त्यातली अठरा वर्षं परवानाधारक सुपरवायझर. गाडीच्या सांगाड्यात चुकून वीज उतरली तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी, म्हणून हे खड्डे. दहा फूट खोल, आत पाइप, कोळसा, मीठ. वीज जमिनीत किती सहज जाते ते मोजायचं, कागदावर आकडा लिहायचा, खाली सही करायची. त्या सहीवरूनच त्याला लोक ओळखायचे. नव्या घराच्या फ्रीजला, पंपाला, गिरणीला तो स्वतः आधी हात लावायचा. तोही उलटा. सुलटा हात विजेला लागला तर मूठ आवळते आणि सुटत नाही.

“काका, झाकणं कशाला उचकटताय?” ठेकेदाराचा इंजिनिअर शिवराज घाईघाईने आला. वय सव्वीस, कडक इस्त्रीचा शर्ट. “उद्घाटनाला साहेब अकराला येणार. ह्या रिपोर्टवर सही करा की.”

रिपोर्टवर चारही खड्ड्यांपुढे आकडा भरलेला होता. शून्य पूर्णांक आठ ओहम. चारही ठिकाणी तोच.

“मोजलं कुणी?”

“मोजायचं काय त्यात? टँकर मागवलाय. दोन पोती मीठ टाकू, पानी सोडू. आकडा येतोय की.”

“खड्डाच न्हाय तर आकडा कशाचा येतोय, साहेब?”

“एकतीस मार्च तोंडावर आलाय, काका. फोटो अन् रिपोर्ट गेला की ष्टेशन ह्या वर्षात मोजलं जातंय. खड्डे एप्रिलमधी करू.”

“मग सही बी एप्रिलमधी.”

शिवराज हसला. रागावला असता तर प्रभुलिंगला बरं वाटलं असतं. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि पुढे धरला.

“लई मनावर घेऊ नका. रिपोर्ट काल रातीच गेलाय. हा कागद नुसता फाइलला पायजे होता.”

पडद्यावर प्रभुलिंगची सही होती. ‘लिं’वरचा लांब फाटा, खालची दोन टिंबं. कुठल्या तरी जुन्या रिपोर्टवरून उचलून चिकटवलेली.

“ही मी केली न्हाय.”

“तुमचीच हाय की. मागच्या अकरा ष्टेशनांना बी हीच चाललीय. कुणी काय म्हनलं का?”

प्रभुलिंगच्या तोंडात कडू पाणी आलं. त्याने बाजूला जाऊन थुंकायचं ठरवलं. मग फलकावरच्या पिचकाऱ्या दिसल्या आणि ते पाणी त्याने तसंच गिळलं.

तेवढ्यात टँकर आला. जुळे सोलापुरातल्या ज्या बायका चार-पाच दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्याची वाट बघत होत्या, त्या कुंपणापलीकडे थांबून बघत राहिल्या. टँकरने रिकाम्या खड्ड्यांवर पाणी सोडलं. ते फरशीवर पसरलं, सहाही मशिनींच्या पायाशी गेलं.

पहिल्या मशिनीपुढे हाशमची ई-रिक्षा हार घालून उभी होती. लाभार्थी म्हणून फोटोत तोच होता. प्रभुलिंग त्याच्याजवळ गेला.

“हाशम, पिन लावू नको. खाली अर्थिंग न्हाय.”

“काका, नक्को, बोलू नका आता.” हाशमने आवाज खाली आणला. “चांगली चालती रिक्षा मोडीत घातली ह्यांच्या शब्दावर. म्हनले, चार्जिंग घराजवळ देतो. सात म्हैने झाले. घरमालकानं चार्जिंगची वायर तोडली, तीन दिवस मी बी बसलोय, गाडी बी बसलीय. आज हितनं भरून नेऊ द्या.”

प्रभुलिंग काही बोलायच्या आत साहेबांची गाडी आली.

भाषण नऊ मिनिटं चाललं. जिल्हा राज्यात पुढे आहे, असं साहेबांनी सांगितलं. मग नारळ आणला गेला. “चपला काढा, चपला काढा,” शिवराज ओरडला. साहेब चपलांसकट सतरंजीवर होते. हाशमने चपला काढल्या आणि तो ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला. नारळ फुटला. हाशमने पिन लावली, मशीन वाजली, टाळ्या पडल्या. फोटोसाठी त्याने रिक्षाच्या दांडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“मुंग्या आल्या, सायेब.”

“नवी मशीन हाय, पहिल्यांदा होतंय तसं,” शिवराज म्हणाला. “हात ठेवा, हाशमभाई. हसा जरा.”

प्रभुलिंग टाळ्यांमधून चालत गेला. त्याने हाशमचं मनगट धरून त्याला चपलांपर्यंत मागे ओढलं. पिशवीतून मीटर काढला, एक टोक दांडीला लावलं, दुसरं ओल्या जमिनीला. शून्याजवळ असायला हवा होता तो आकडा बघितला. मग भिंतीवरच्या पेटीत मेन स्विच खाली पाडला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. सहा हिरवे दिवे गेले.

“काका! साहेब उभे हायत!”

“असू दे की. चपला घालून उभे हायत.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. फोटो झाले का, एवढं विचारलं. झाले होते. गाड्या निघून गेल्या. मांडववाल्याने खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या.

हाशम रिक्षाचा हार काढत होता. त्याने वर बघितलं नाही.

“आता ही भरू कुटं, काका?”

प्रभुलिंग बंद मशिनीच्या पायरीवर बसला, वही मांडीवर घेतली, तारीख घातली, जागा लिहिली. खाली सही केली, फाटा आणि दोन्ही टिंबांसकट. सहीच्या वर एकच ओळ होती.

रिक्षाचा सांगाडा ते ओली जमीन : ११८ व्होल्ट.