उभं राहण्याची अकरा मिनिटं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना चालता येत होतं, जिने चढता येत होते, आठ-आठ तास टेबलाशी बसून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवता येत होत्या. एका जागी उभं राहणं मात्र जमत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका लांबलेल्या तापातून उठल्यावर हे सुरू झालं. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं, "तुम्ही उभ्या राहिलात की रक्त पायांत उतरतं आणि वर डोक्याकडे यायला कंटाळा करतं." गोळ्या होत्या, घट्ट मोजे होते. तरीही एकदा बँकेत आणि एकदा मुलीच्या शाळेच्या फाटकाशी त्या उभ्याउभ्या कोसळल्या होत्या.

तेव्हापासून रांगेची सगळी कामं नवऱ्याकडे गेली. तो शाळेची बस चालवायचा आणि दुपारच्या मोकळ्या वेळात घरच्या रांगा लावायचा. बाहेर कुणापाशी याचा उच्चार करायचा नाही, असा बाईंचा दंडक होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुकानात कुणी "कशा आहात?" म्हणालं, की भिंगातून नजरही न काढता त्या सांगायच्या, "एकदम ठणठणीत."

मुलगी दहा वर्षांची. एका जागी बसत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. परीक्षा संपल्यावर काय हवं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "थीम पार्कमधल्या होडीत बसायचंय. ती वरून पाण्यात पडते ना, ती. आईबरोबर."

"बाबांबरोबर जा की," बाई म्हणाल्या.

"बाबा डोळे मिटून घेतात. गेल्या वेळी वर चढायच्या आधीच मिटले होते."

"मी रस्त्यावर लक्ष ठेवणारा माणूस आहे," नवरा म्हणाला. "रस्ताच नसेल तर डोळे उघडे ठेवून काय बघू?"

डॉक्टरांना विचारलं. होडीत बसायला त्यांची हरकत नव्हती, पण तासभर रांगेत उभं राहायचं नाही, हे त्यांनी बजावलं. पार्कमध्ये अशा लोकांसाठी सोय असल्याचं नवऱ्याने शोधून काढलं. आधी व्हिडिओ कॉलवर अर्ज करायचा. मंजूर झाला तर रांगेऐवजी परत येण्याची वेळ मिळते, तोवर कुठेही बसा.

कॉलवर एक तरुण कर्मचारी होती. तिने अदबीने विचारलं, "आजाराचं नाव सांगायची गरज नाही, मॅडम. रांगेत उभं राहिल्यावर तुम्हाला काय त्रास होतो, तेवढं सांगा."

बाई हसल्या. "तसं काही नाही हो. जरा गरगरतं. आता सवय झालीय."

"मग मधूनमधून रांगेबाहेर येऊन बसलात तर चालेल?"

"चालेल ना. सांभाळून घेईन मी."

दुसऱ्या दिवशी नकार आला.

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं, तू सोय मागायला गेली होतीस की नोकरी? धडधाकट असल्याचा दाखलाच देऊन आलीस!"

"परक्या माणसापुढे काय रडगाणं गायचं?"

"रडगाणं नको गाऊस. खरं सांग."

खरं म्हणजे नेमकं किती, हे बाईंना स्वतःलाच सांगता आलं नसतं. त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. चक्कर यायला लागली की बसायचं आणि विसरून जायचं, एवढंच त्या करत आल्या होत्या. दुकानात कुणी म्हणालं, "घड्याळ जरा मागे पडतं," तर त्या लगेच विचारायच्या, "जरा म्हणजे किती? दिवसाला?"

शनिवारी दुकान बंद केल्यावर त्या कामाच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. मागे खुर्ची, समोर वही आणि एक स्टॉपवॉच. बाहेर भिंगरी खेळत होती आणि नवरा शटरला तेल घालत होता. त्याला सांगितलंच नव्हतं. चौथ्या मिनिटाला हृदय धावायला लागलं. सातव्याला कानांत शिट्टी वाजू लागली. नवव्याला समोरची भिंत कडेने काळी होत आली. बाई नोंदी करत राहिल्या. दहाव्या मिनिटाचं अक्षर त्यांना नंतर वाचता आलं नाही. अकराव्याला खुर्चीकडे वळताना त्या खाली पडल्या, आणि टेबलावरचा स्क्रूंचा ट्रे त्यांच्याबरोबर खाली आला.

शुद्धीवर आल्या तेव्हा पाय स्टुलावर होते आणि भिंगरी स्टॉपवॉच हातात धरून शेजारी रडत होती. आवाज ऐकून तीच आधी धावत आली होती.

"मुद्दाम पडलीस तू! कशाला?"

"तुझ्या होडीसाठी मोजत होते गं."

"मला नको ती होडी," भिंगरी ओरडली. "तू पडायचं नाहीस!"

नवऱ्याने वही उचलली, वाचली आणि तो स्क्रू गोळा करू लागला. शेवटचा स्क्रू ट्रेमध्ये पडल्यावर बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. तुम्हाला हाक मारायला हवी होती."

सोमवारी त्यांनी पुन्हा कॉल लावला. या वेळी एक वयस्क अधिकारी होते. बाईंनी बँकेतलं आणि शाळेच्या फाटकाशी झालेलं पडणं सांगितलं, मग वही उघडून मिनिटागणिक वाचून दाखवलं. आवाज दोनदा अडखळला, पण मध्ये "जरा" आला नाही.

"अर्ज मंजूर करतोय," अधिकारी म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "पण बाई, एवढं करायची काही गरज नव्हती. 'मी याआधी दोनदा पडलेय, मला उभं राहता येत नाही,' एवढं म्हणाल्या असत्यात तरी पुरलं असतं. आम्ही कुणाला पडायला लावत नाही."

"तेवढंच म्हणायला जड गेलं," बाई म्हणाल्या.

पार्कमध्ये त्यांना पन्नास मिनिटांनंतरची वेळ मिळाली. ती त्यांनी झाडाखाली बाकावर काढली. भिंगरीने तेवढ्यात बाकाभोवती किती फेऱ्या मारल्या, देव जाणे. वेळ झाल्यावर नवरा पिशव्या घेऊन बाहेर थांबला आणि मायलेकी वेगळ्या फाटकाने आत गेल्या, तेव्हा रांगेतला एक घामाघूम माणूस मोठ्याने म्हणाला, "चांगल्या चालताहेत की! आम्ही काय हौस म्हणून उभे आहोत?"

बाईंचे कान तापले. पण त्या थांबल्या. "आम्हीही पन्नास मिनिटं थांबलो. मला चालता येतं, उभं राहता येत नाही. म्हणून बसून थांबलो."

माणूस काहीतरी पुटपुटला.

धक्क्यावर पोचल्या आणि होड्या बंद पडल्या. "पाच-दहा मिनिटं लागतील," चालक ओरडला. वीसेक माणसं अरुंद फळ्यांवर उभी. बाईंनी घड्याळ पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला त्या चालकाला म्हणाल्या, "मला खुर्ची लागेल."

"इथं खुर्ची नाही, मॅडम."

"मग मी खाली बसते. माझ्यावरून कुणी जाणार नाही, तेवढं बघा."

आणि त्या ओल्या फळ्यांवर चक्क मांडी घालून बसल्या. भिंगरी लगेच शेजारी टेकली. चालकाने पुढे येऊन लोकांना मागे सरकवलं. क्षणभराने त्या घामाघूम माणसाची बायकोही खाली बसली. "बरं झालं कुणीतरी सुरुवात केली," ती म्हणाली. "माझे पाय केव्हाचे बोंबलताहेत." त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं, आणि बायकोची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

होडी सुरू झाली. वर चढताना भिंगरीने आईचा हात गच्च धरला. माथ्यावर होडी थबकली. खाली, कठड्यापाशी, तीन पिशव्या सांभाळत उभा असलेला नवरा दिसला. दोघींनी हात हलवले. मग होडी सुटली, बाई जिवाच्या आकांताने किंचाळल्या आणि पाण्याची भिंत दोघींच्या अंगावर आली.

बाहेर आल्यावर भिंगरी म्हणाली, "बाबा, आईने डोळे उघडे ठेवले होते."

"मग काय दिसलं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," बाई केस पिळत म्हणाल्या. "नुसतं पाणी. पुन्हा जायचंय."

पुढची वेळ साडेतीनची मिळाली. तिघं बाकाकडे निघाली.