माझ्यावर नारळ फुटला नाही

सन २०२५, मे महिना, ऐन वैशाखातली दुपार. देवगडचा हापूस पेट्यांत बसून मुंबईकडे निघाला होता आणि मी गुंडाळ्यांच्या रूपाने टेम्पोत आडवी पडून मालवणच्या किनाऱ्याकडे येत होते. मी ‘निवांत’ वृद्धनिवासाची रबराची जमीन बोलतेय. पायाखालच्या वस्तूने तोंड उघडू नये, असा शिष्टाचार असेल. परंतु माझ्यावर जे घडले ते गिळून गप्प बसणे मला शक्य नाही.

दोडामार्गच्या मळ्यात झाडाच्या सालीवरून ओघळणारा पांढरा चीक हे माझे बालपण. पुढे दूरच्या कारखान्यात मला अंग आले. वरून पाहाल तर मी साधी, राखाडी, न घसरणारी. माझे खरे सामर्थ्य पोटात आहे. तेथे रबराचे असंख्य बुटके खांब दाटीवाटीने उभे आहेत. चालणाऱ्या पावलाखाली ते ताठ राहतात. कोणी धाडकन कोसळले, तर मात्र वाकून तो आघात आपल्या अंगावर घेतात आणि पुन्हा उभे राहतात. इतके मोठे काम आपल्या वाट्याला आले, या विचाराने प्रवासभर माझा आनंद त्या गुंडाळ्यांत मावत नव्हता!

मला येथे आणले ते तुळसाआजींसाठी. आदल्या वर्षी त्या खोलीतल्या गुळगुळीत फरशीवर पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण मनातली भीती काही जुळून येईना. डॉक्टर चालायला सांगत. आजी खाटेची कड घट्ट धरून बसत. आणखी काही महिने अशाच बसून राहिल्या, तर पायांतले बळ कायमचे जाईल, असे डॉक्टरांनी निवासाच्या व्यवस्थापिका विनीताताईंना स्पष्ट सांगितले होते. म्हणून विनीताताईंनी विश्वस्तांच्या मागे लागून मला मिळवले आणि आजींच्या खोलीपासून पुढच्या दारापर्यंत, संपूर्ण पडवीभर अंथरले. कडेला तेवढी जुन्या फरशीची एक अरुंद पट्टी उरली.

शुभारंभाला प्रमुख विश्वस्त गणपतराव आले. नारळ फोडण्यासाठी दाराबाहेर दगड मांडून ठेवला होता. पण गणपतराव पडले उत्साही गृहस्थ. “या कामाचा नारळ या कामावरच फुटला पाहिजे!” असे म्हणून त्यांनी हात उंचावला आणि नारळ माझ्यावर आपटला.

नारळ फुटला नाही. टुणकन उडाला आणि घरंगळत सत्यवानआबांच्या खुर्चीखाली गेला. गणपतरावांनी तो शोधून पुन्हा आपटला. पुन्हा तेच! आधी हशा झाला. मग एकेकाचा चेहरा उतरला.

सत्यवानआबा येथलेच रहिवासी, सगळा जन्म समुद्रात तारवावर काढलेला माणूस. बंदरावर नारळ लढवण्यात, म्हणजे आपला नारळ आपटून दुसऱ्याचा फोडण्यात, त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी मान हलवली. “शुभ कामाचो नारळ फुटूक नाय. देवाक ही जमीन मान्य नाय.”

“मगे मी हेच्यार पाय ठेवचंय नाय,” आतून तुळसाआजी म्हणाल्या.

झाले! ज्या गुणासाठी मला घडवले, त्याच गुणाने मी पहिल्या दिवशी अपशकुनी ठरले. जो तो कडेच्या निसरड्या पट्टीवरून, भिंतीला अंग घासत, एकामागून एक चालू लागला. माणसांची ही रीत मला आजही उमगलेली नाही. ज्या फरशीने हाड मोडले तिच्यावर विश्वास, आणि जिच्यावर काहीच मोडले नाही तिच्याविषयी संशय! एकट्या विनीताताई माझ्यावरून मुद्दाम अनवाणी फिरत.

गणपतरावांनी तर निकालच दिला. “संस्थेला शोभेल अशी चकचकीत फरशी बसवू. नारळी पौर्णिमेला नमुने घेऊन येतो.”

ती पौर्णिमा आली. बाहेर सरींवर सरी, त्यामुळे बंदरावर जाण्याचा बेत फसला. मग सर्वांनी पडवीतच नारळ लढवायचे ठरवले. अपशकुन, संशय, सगळे त्या चढाओढीत विसरून गेले. खुर्च्या सरळ माझ्यावर मांडल्या गेल्या. केवढी धांदल, केवढा आरडाओरडा! गणपतराव फरशीचे नमुने काखेत धरून दारात उभे राहिले, आणि तुळसाआजी खोलीच्या उंबऱ्याशी चाकांच्या खुर्चीत बसून सूचना करू लागल्या.

“तुझ्या नारळाक दम नाय रे, सत्यवाना! तो देवाक दे आणि गप बस.”

“तू बघच गो!” म्हणत आबांनी पाच नारळ जिंकले. सहाव्याच्या वेळी त्यांनी असा हात उगारला, की तोल गेला आणि आबा उभेच्या उभे कुशीवर कोसळले.

किंकाळी उठली. मला मात्र क्षणाचीही शंका नव्हती. माझे सगळे खांब एकदम वाकले. आबांचा खुबा, खांदा, सारा भार मी पोटात घेतला आणि हळूच परत दिला.

“खंय लागला, आबा? हलू नकात!” विनीताताई धावल्या. त्यांनी हात-पाय, कंबर नीट तपासली आणि मगच आबांना उठवून बसवले. आबांनी प्रथम मुठीतला नारळ कानाशी धरून हलवला, मग स्वतःकडे पाहिले. “माका खंयच लागूक नाय,” ते चकित होऊन म्हणाले.

तुळसाआजी एकटक माझ्याकडे पाहत होत्या. एकाएकी त्यांचा आवाज कडाडला. “मेल्या, त्या दिसा नारळ फुटूक नाय म्हणान तोंड वाकडा केलंस. आज तुझा हाड मोडूक नाय! आता सांग, देवाक जमीन मान्य आसा की नाय?”

गणपतरावांनी काखेतले नमुने दाराबाहेर ठेवले आणि म्हणाले, “विनीताताई, उरलेल्या खोल्यांतही हीच जमीन घाला.”

आजी मात्र ते ऐकत नव्हत्या. त्यांनी खुर्चीतून उठून पडवीचा कठडा धरला आणि एक पाऊल माझ्यावर टेकवले. हलके, जेमतेम टेकलेले. मी ताठ राहिले. दुसरे पडले, तिसरे पडले. विनीताताई हात पुढे करून मागोमाग चालत होत्या, पण धरत नव्हत्या.

वाचकहो, मी चमत्कार करत नाही. काठी सोडू नका, कठडा सोडू नका. मात्र आपल्या घरातल्या वृद्धांच्या पायाखाली काय आहे, ते एकदा वाकून पाहा.

शुक्रवार, दिनांक ८ ऑगस्ट २०२५, तीच नारळी पौर्णिमा. आजी पुढच्या दाराशी पोहोचल्या. आबांचा जिंकलेला नारळ त्यांनी मागून घेतला आणि दाराबाहेरच्या दगडावर स्वतःच्या हाताने फोडला. एका घावात दोन शकले! टाळ्यांच्या गजरात नारळाचे पाणी उंबऱ्यावरून उडून माझ्या अंगावर आले.

“टाळये मगे वाजवा,” आजी गरजल्या. “विनीता, आधी फडको घी गो. आमची जमीन भिजली, कोण तरी घसरात!”